आजोबांच्या जहाजाचं आधीचं आयुष्य कसं शोधायचं

रत्नागिरी-रायगडकडच्या पुष्कळ घरांत भिंतीवर एक फोटो असतो. पांढरा गणवेश, पाठीवर चौकोनी कॉलर, गोल टोपी आणि टोपीच्या काळ्या फितीवर सोनेरी अक्षरं. घरात विचारलं की उत्तर मिळतं, "नेव्हीत होते, बोटीवर." कुठल्या बोटीवर ते कुणाला नक्की सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं, त्याला ती बोट आपल्याकडे आली कुठून हे माहीत नसतं.

तुमचे आजोबा १९४५ ते १९७५ या काळात नौदलात असतील, तर ते ज्या जहाजावर चढले त्याचा आधी दुसरा कुणी मालक असण्याची शक्यता बरीच आहे. महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी ताफ्यांचं रक्षण करायला ब्रिटनने शेकडो संरक्षक जहाजं घाईघाईने बांधली. युद्ध संपल्यावर ती सगळी पोसणं त्यांना शक्यही नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं. मग काही विकली, काही उसनी दिली. आयर्लंडने तीन कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या संरक्षक नौका, घेतल्या. डेन्मार्क, इजिप्त, ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान या सगळ्यांची नौदलं अशाच जहाजांवर उभी राहिली. माझे बाबा आयएनएस गोदावरीवर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते. मी वाचनालयात नोकरी केली, त्यामुळे कागद धुंडाळायची सवय होतीच. निवृत्तीनंतर बाबांच्या जहाजाचा माग काढला, मग ओळखीपाळखीतल्या इतर घरांसाठीही काढला. ते काम कसं करायचं ते इथे लिहिते.

आधी बघा, ते जहाज तरी होतं का

सगळ्यात जास्त घरं इथेच अडतात. फितीवर 'आयएनएस शिवाजी' असतं आणि नातवंडं शिवाजी नावाची युद्धनौका शोधत बसतात. शिवाजी हे लोणावळ्याचं अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे, १९४५ साली सुरू झालेलं. नौदल किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं देतं. मुंबईतलं आंग्रे, कोचीचं वेंदुरुथी, विशाखापट्टणमचं सरकार्स हे सगळे तळ आहेत. १९४६च्या फेब्रुवारीत नाविकांचा उठाव जिथून पेटला ते 'तलवार'सुद्धा मुंबईतलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं. नंतर मात्र तलवार नावाच्या खऱ्याखुऱ्या युद्धनौकाही झाल्या. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, साल बघा.

साल ठरवायला नावाच्या आधीची अक्षरं उपयोगी पडतात. २६ जानेवारी १९५०च्या आधी 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) होतं, नंतर 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप) झालं. युद्धकाळात फितीवर जहाजाचं नाव नसायचं, शत्रूला कळू नये म्हणून फक्त 'एचएमआयएस' एवढंच असायचं. तेव्हा फितीवर नाव दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. त्या कोऱ्या फितीनेच फोटोचा काळ सांगितला आहे.

नाव धरू नका, सांगाडा धरा

गोदावरीचंच उदाहरण घेते, कारण तिने भल्याभल्यांना चकवलं आहे.

भारताच्या नौदलात गोदावरी एक नाही, तीन झाल्या. पहिली एचएमआयएस गोदावरी ही इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्टने बांधलेली स्लूप, म्हणजे ताफ्यांचं रक्षण करणारी छोटी युद्धनौका. ती १९४३ साली सेवेत आली, आणि ती मुळातच हिंदी नौदलासाठी बांधलेली होती. १९४७ साली जहाजांची वाटणी झाली तेव्हा ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव 'सिंध' झालं. भारताकडे नाव उरलं, जहाज गेलं. मग १९५३ साली ब्रिटनकडून आलेल्या एका हंट वर्गाच्या विनाशिकेला (डिस्ट्रॉयरला) तेच नाव दिलं. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट. ही दुसरी, माझ्या बाबांची. तिसरी १९८३ साली सेवेत आलेली फ्रिगेट, मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली. ती २०१५ साली निवृत्त झाली.

आता इंटरनेटवर 'आयएनएस गोदावरी' शोधलंत तर पानंच्या पानं त्या तिसरीची येतात. गंगा आणि गोमतीचंही तेच. १९५३च्या जुन्या त्रिकुटाची तिन्ही नावं माझगाव डॉकच्या नव्या त्रिकुटाला दिली गेली. राजपूत, राणा, रणजित ही नावंसुद्धा आधी ब्रिटिश बनावटीच्या तीन विनाशिकांची होती, नंतर सोव्हिएत बनावटीच्या जहाजांना मिळाली. खुकरीचा गोंधळ याहून मोठा. पहिली, तेव्हाच्या लेखनात 'कुकरी', ही ब्रिटिशांची रिव्हर वर्गाची फ्रिगेट 'ट्रेंट'. १९५१ साली तिला सर्वेक्षणाच्या कामाला लावून 'इन्व्हेस्टिगेटर' नाव दिलं. दुसरी खुकरी ९ डिसेंबर १९७१ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली ती. तिसरी त्यानंतरची कॉर्व्हेट. एखाद्या घरात "आमचे आजोबा खुकरीवर होते" असं म्हणतात तेव्हा कुठली खुकरी हे आधी ठरवा. त्या एका प्रश्नावर त्या माणसाचा अख्खा इतिहास बदलतो.

म्हणून नाव बाजूला ठेवा आणि जहाजाच्या अंगावरच्या खुणा वाचा.

फोटोतल्या तोफा मोजा

फोटोत जहाज दिसत असेल तर भिंग घ्या, किंवा फोटो मोठा करून स्कॅन करा. बाजूवर रंगवलेला अक्षर-आकडा दिसला तर निम्मं काम झालं. हा पेनंट नंबर. बाबांच्या गोदावरीचा डी ९२, गोमतीचा डी ९३, गंगेचा डी ९४. ब्रिटिशांकडे असताना याच गोदावरीच्या अंगावर एल २६ होतं. अक्षर वेगळं दिसलं तर जहाज वेगळं असं धरू नका, मालक किंवा पद्धत बदलली की अक्षरही बदलतं.

नंबर दिसत नसेल तर तोफा बघा. जोडतोफांचे, म्हणजे दोन-दोन तोफांचे, तीन बुरूज असतील तर ते कुठे आहेत ते पाहा. दोन पुढे आणि एक मागे असेल तर स्लूप. जमना, सतलज, कावेरी, कृष्णा या सगळ्या मूळ आपल्याचसाठी बांधलेल्या, कुणाकडून घेतलेल्या नाहीत. एक पुढे आणि दोन मागे असतील तर हंट: गोदावरी, गोमती किंवा गंगा. चार एकेकट्या तोफा, दोन पुढे दोन मागे, आणि जहाज चांगलं लांबलचक, तर राजपूत, राणा किंवा रणजित. पुढे एक आणि मागे एक अशा दोनच एकेकट्या तोफा असतील तर रिव्हर वर्ग, म्हणजे तीर किंवा कुकरी.

हंटच्या तीन बुरुजांमागे एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. या वर्गातली पहिलीपहिली जहाजं बांधून होत आली तेव्हा १९४० साली 'ॲथरस्टोन' या जहाजाची तोल-चाचणी घेतली. आराखड्याच्या हिशेबात चूक निघाली, जहाज वरून जड होतं. सुरुवातीच्या जहाजांवरचा एक बुरूज काढून टाकावा लागला. पुढच्या जहाजांची रुंदी अडीच फुटांनी वाढवली, मग तिसरा बुरूज परत बसला. आपल्याकडे आलेल्या तिन्ही या दुसऱ्या, रुंद प्रकारातल्या. लांबी सुमारे २८० फूट, त्यात दीडशेवर माणसं, झोपायला हॅमॉक. हे जहाज उत्तर समुद्राच्या थंडीसाठी आखलेलं. मुंबईच्या मे महिन्यात त्याच्या बॉयलर रूममध्ये काय होत असेल याचा अंदाज करा. बाबा उन्हाळ्याबद्दल कधी तक्रार करत नसत, आणि आता मला त्याचं कारण कळतं.

घरातलं म्हातारं माणूस अजून असेल तर

"काय काय केलंत नौदलात?" असं विचारू नका. त्याला "केली नोकरी" एवढंच उत्तर येतं. ठोस विचारा. इंजिनाचे दांडे वरखाली होताना दिसायचे का? दिसायचे असतील तर ते जुन्या धर्तीचं वाफेचं इंजिन, म्हणजे रिव्हर वर्ग. साध्या व्यापारी गोद्यांनाही ती जहाजं बांधता यावीत म्हणून तसलं इंजिन ठेवलं होतं. सगळं बंद पेटीत आणि नुसती गुणगुण ऐकू यायची, असं सांगितलं तर टर्बाइन, म्हणजे हंट, स्लूप किंवा राजपूतच्या जोडीतलं जहाज. जहाजावर मिसरूड न फुटलेले कॅडेट पुष्कळ असायचे का? तीरवर असायचे, ती बरीच वर्षं प्रशिक्षणाचं जहाज होती. छोट्या होड्या सोडून पाण्याची खोली मोजायचे का? मग इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे आधीची कुकरी.

कोण शेजारी झोपायचं, जेवण कुठून आणायचे, रजेवर यायला मुंबईहून कुठली बोट धरायचे, हेही विचारा. याने जहाज सापडेलच असं नाही, पण माणूस बोलता होतो. आणि बोलता झाला की जहाजही सापडतं. जमलं तर आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

कागद

घरात सेवापुस्तिका किंवा डिस्चार्जचे कागद असतील तर तुम्ही भाग्यवान. त्यात कुठल्या जहाजावर किंवा तळावर कधीपासून कधीपर्यंत, हे ओळीने लिहिलेलं असतं. ट्रंकेत, देवघराच्या खालच्या खणात, पेन्शनच्या फायलीत बघा. पेन्शनची फाइल बायका जपून ठेवतात, म्हणून आजीच्या कागदांत आधी शोधा.

नसतील, तर नाविकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्ज वारसाने करायचा. नाव, सेवा क्रमांक, जन्मतारीख, गाव आणि तुमचं नातं, सोबत मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद. सेवा क्रमांक माहीत नसेल तर पेन्शनचे कागद, पदकाची कड, जुनी पाकिटं बघा. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले लोक स्वतः निवृत्त सैनिक असतात, त्यांना हे विचारण्यात कसलाही संकोच नको.

आता समुद्रापलीकडे

जहाज ठरलं की त्याचं जुनं नाव शोधायचं. कामाची नावं देऊन टाकते. राजपूत म्हणजे 'रॉदरहॅम', रणजित म्हणजे 'रिडाउट', राणा म्हणजे 'रेडर'. तिन्ही १९४९ साली आल्या, त्यामुळे काही महिने त्या एचएमआयएस होत्या. तीर म्हणजे 'बॅन', कुकरी म्हणजे 'ट्रेंट'. गोमती म्हणजे 'लॅमर्टन', गंगा म्हणजे 'चिडिंगफोल्ड', गोदावरी म्हणजे 'बेडेल'. हे हंटचं त्रिकुट आधी तीन वर्षांच्या उसनवारीवर आलं, मुदत वाढत गेली आणि पुढे ते विकत घेतलं.

जुन्या नावाने शोधताना पुन्हा तोच सापळा आहे. ब्रिटिश नौदलात चिडिंगफोल्ड नावाचं सुरुंगशोधक जहाजही १९८० च्या दशकात आलं, आणि वर्गाचं नावही पुन्हा हंटच. म्हणून शोधताना नावासोबत एल ३१ हा जुना पेनंट नंबर आणि १९४१ हे साल घाला. लॅमर्टनसाठी एल ८८.

कुठे शोधायचं? लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावर युद्धकाळातली छायाचित्रं चकटफू बघता येतात. क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराची यादी घरबसल्या चाळता येते. तिथे लोक 'ॲडएम ५३' या जहाजांच्या लॉगबुकांच्या मालिकेकडे धावतात, पण लहान जहाजांच्या युद्धकाळातल्या पुष्कळ लॉगबुका टिकलेल्या नाहीत. 'ॲडएम १९९' बघा, त्यात मोहिमांचे आणि ताफ्यांचे अहवाल आहेत. माझं मत विचाराल तर अहवाल लॉगबुकेपेक्षा बोलके असतात. लॉगबुकेत वाऱ्याची दिशा असते, अहवालात माणसं असतात.

मग जे हाती लागतं त्याने झोप उडते. लॅमर्टन, म्हणजे आपली गोमती, हिने २५ ऑक्टोबर १९४१ रोजी एका कॅटलिना विमानाच्या साथीने 'गॅलिलेओ फेरारिस' ही इटालियन पाणबुडी संपवली. २३ फेब्रुवारी १९४३ला अल्जियर्सजवळ आणखी तीन हंटांबरोबर यू-४४३ ही जर्मन पाणबुडी बुडवली. १९४१च्या नाताळानंतर दोनच दिवसांनी चिडिंगफोल्ड नॉर्वेच्या व्हॉग्सोवर कमांडोंच्या छाप्यात होती, आणि त्याच वेळी लॅमर्टन दूर उत्तरेला लोफोटेन बेटांपाशी होती. पुढे त्या दोघी गंगा-गोमती होऊन मुंबईच्या एकाच गोदीत लागायच्या.

आणि बेडेल. तिचं आधीचं आयुष्य एक नाही, दोन निघाली. टाइन नदीकाठी हेबर्नला १९४१च्या जुलैत ती पाण्यात उतरली, आणि १९४२च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने ती पोलंडच्या नौदलाला दिली. पोलंड देश तेव्हा जर्मनीच्या टाचेखाली होता, त्याचं नौदल ब्रिटिश बंदरांतून लढत होतं. नाव झालं 'श्लोंझाक'. १९ ऑगस्ट १९४२ला फ्रान्सच्या दिएपवर जो हल्ला फसला, त्यात ती होती. किनाऱ्यावर कापल्या जाणाऱ्या कॅनडाच्या तुकड्यांतले जे पाण्यात सापडले, त्यांना तिने उचलून घेतलं. १९४३ साली सिसिली, सालेर्नो. ६ जून १९४४ला नॉर्मंडीत स्वॉर्ड किनाऱ्यासमोर. युद्ध संपल्यावर १९४६ साली पोलिश खलाशांनी ती परत केली. त्यांच्यापैकी अनेकांना परत जायला आता स्वतःचा म्हणावा असा देश उरला नव्हता.

हे वाचत होते तेव्हा मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. १९४३ ते १९४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचे पुरुष जगभरच्या आघाड्यांवर लढत होते. श्लोंझाक भूमध्य समुद्रात असताना पोलंडची मुलं पंचगंगेच्या खोऱ्यात शाळेत जात होती, आणि काही वर्षांनी ते जहाज कोकणातल्या पोरांना घेऊन अरबी समुद्रात फिरू लागलं. हा धागा मला कुठल्याही एका कागदात मिळाला नाही, तीन देशांचे कागद शेजारी ठेवल्यावर दिसला. म्हणून सांगते, जहाजाचा प्रत्येक मालक वेगवेगळा शोधा. नुसतं ब्रिटिश नाव शोधून थांबलात तर मधली चार वर्षं निसटतात, आणि गोदावरीच्या बाबतीत तीच चार सगळ्यांत मोलाची आहेत.

पोलिश नाव शोधताना त्यांच्या खुणांच्या अक्षरांनी अडू नका. रोमन लिपीत साधं एस-एल-ए-झेड-ए-के लिहा, चालतं. त्या नावाची नवी गस्तनौका २०१९ साली पोलंडच्या नौदलात आली आहे, तेव्हा इथेही साल घालायला विसरू नका. परागंदा पोलिश सैन्याचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात जपलेले आहेत.

दोन बाजू असतील तिथे दोन्ही लिहा

या जहाजांना "साहेबाने टाकलेला माल" म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. १९५३ साली गोदावरी जेमतेम बारा वर्षांची होती, आणि विनाशिका चालवायची कशी हे आपल्या एका पिढीने तिच्यावर, गंगा-गोमतीवर आणि राजपूतच्या जोडीतल्या जहाजांवर शिकून घेतलं. पण अभिमान वाटतो म्हणून कागदाबाहेरचं लिहू नका. १९७१च्या ३ आणि ४ डिसेंबरमधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, ती बुडाली असं भारतीय नौदल सांगतं, आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने बुडाली असं पाकिस्तान सांगतं. तुमचे आजोबा त्या रात्री राजपूतवर असतील तर दोन्ही लिहा, आणि त्यांनी स्वतः काय सांगितलं ते वेगळं, त्यांच्याच शब्दांत लिहा. गाझीही, लक्षात घ्या, दुसऱ्याकडून आलेलीच. अमेरिकेची 'डायब्लो', १९४४ साली पाण्यात उतरलेली.

शेवट कसा झाला तेही शोधा. घरच्यांना तो प्रश्न पडतोच. गोदावरी १९७६ साली मालदीवजवळ रुतली आणि १९७९ साली मोडीत निघाली. सत्तरीच्या दशकात गंगा-गोमतीही गेल्या.

परदेशी संग्रहालयाला पत्र लिहिताना लांबण लावू नका. जहाजाची सगळ्या नावांसकट ओळख देणारं एक वाक्य, तुमच्या माणसाचं नाव, हुद्दा आणि त्या जहाजावरचा काळ, हवा असलेला एकच नेमका प्रश्न, आणि तुमच्याकडच्या फोटोची स्कॅन केलेली प्रत. मूळ फोटो टपालाने पाठवू नका. प्रत जोडलेली असली की उत्तर हमखास सविस्तर येतं, कारण जहाज भारतात आल्यानंतरचे फोटो त्यांच्याकडे सहसा नसतात.